मंजुरी प्रवासाआधी मिळावी

महोदय,

शैक्षणिक तंत्रज्ञानावरील परिषदेत शोधनिबंध वाचायला यंदा जर्मनीला जाऊन आले. निवडीचे पत्र चार महिने आधी आले होते. महाविद्यालयाची अनुदान-मंजुरी मात्र मी पुण्यात परतल्यावर आली. नोंदणी, विमान, विमा सगळे पदरचे. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे सहकारी तर अनुदानाला पात्रच नाहीत; त्यांनी परिषदेसाठी अर्जच केला नाही.

तरी गेले याचे समाधान आहे. शाळांतले तंत्रज्ञान नेमके कोणाच्या अटींवर, असा प्रश्न युनेस्कोच्या २०२३च्या अहवालाने विचारला होता. तिथेही चर्चा त्याभोवतीच होती. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड, ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवरचे मराठी धडे आणि घरातला एकुलता मोबाइल वडील कामावर घेऊन गेल्याने संध्याकाळपर्यंत थांबणारी मुलगी, हे मी मांडले. नंतर चहाच्या वेळेतही लोक तिच्याबद्दलच विचारत होते. हे सांगायला आपली माणसे तिथे हवीत.

विद्यापीठाने व संस्थाचालकांनी मंजुरी प्रवासाआधी द्यावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांनाही पात्र ठरवावे.

– एक प्राध्यापिका, कोथरूड, पुणे