कसारा घाटात थांबलेल्या त्या दोघांचे आभार

परवा रात्री कसारा घाट चढताना आमच्या ट्रेलरच्या मागच्या डाव्या चाकातून धूर निघाला. मागून येणारे दोघे ड्रायव्हर भाऊ आपणहून थांबले.

आधी बाकीच्या चाकांना दगड लावले, मगच जॅक. ब्रेक सैल केल्यावर चाकातला ब्रेकचा ड्रम सुटला. ग्रीस अडवणारं ऑइल सील फाटून ग्रीस ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर पसरलेलं, आतलं बेअरिंग तापून निळं पडलेलं. मी ड्रममधली धूळ फुंकायला वाकलो, तर थोरल्याने हात धरला. "फुंकू नको दादा, छातीत जाते." ओलं फडकं दिलं. धाकट्याने सकाळी दुकान उघडताच इगतपुरीहून सामान आणलं. ते बसवून चाक फिरवत बेअरिंगचा नट आवळला, मग किंचित मागे घेतला.

भावांनो, नावंही न सांगता, काळ्या हातांनीच चहा पिऊन निघालात. माझ्या आईचा तुम्हाला आशीर्वाद आहे.