अलंकार फक्त कवितेतच असतात का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्याकडे सध्या दहावीचं वर्ष आहे, त्यामुळे घरात मराठी व्याकरण जोरात चालू आहे, आणि त्यातला तो 'अलंकार ओळखा' वाला प्रश्न बघून बघून शेवटी राहवलं नाही म्हणून हे पत्र. माझं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, फ्लेक्स, आणि निवडणुका आल्या की प्रचारपत्रकं. वीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द टाइप करतोय, त्यामुळे कुठलं वाक्य लोकांना पटतं आणि कुठलं वाऱ्यावर जातं हे थोडंफार कळायला लागलंय असं मला वाटतं (बायकोला नाही वाटत).

परवा मुलीला सहज विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' ह्यात कुठला अलंकार दिसतो? तर म्हणाली, बाबा तो अग्रलेख आहे, अलंकार कवितेत असतात. चूक तिची नाहीये, शिकवलंच तसं जातं. मुखकमल आलं की रूपक, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, दोन मार्क, पुढचा प्रश्न.

आता हेच वाक्य बघा. ६ जुलै १८९७ चा केसरी. प्लेगच्या बंदोबस्ताने पुणं आधीच पिडलेलं, २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँडवर गोळ्या झाडलेल्या, आणि सरकारने अख्ख्या शहरावर राग काढायला घेतलेला. अशा वेळी टिळक विचारतात, डोके ठिकाणावर आहे काय? आपल्याकडे हा प्रश्न कुणाला विचारतात, तर गॅसवर दूध ठेवून फोनवर गप्पा मारत बसलेल्याला! त्याच जूनमध्ये राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून रोषणाई करणारं ते एवढं मोठं सरकार एका ओळीत घरातल्या वेंधळ्या पोरासारखं दिसायला लागतं. आणि दुसरं म्हणजे टिळकांनी स्वतः काही म्हटलेलंच नाही, नुसतं विचारलंय, 'नाही' हे उत्तर वाचणारा आपणच मनातल्या मनात देतो, आणि एकदा स्वतःच दिलेलं उत्तर माणूस सहसा खोडत नाही. पुढच्या आठवड्यातला मथळा 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे' असा होता. तोही चांगलाच आहे पण ते विधान झालं, त्याच्याशी वाद घालता येतो. पहिल्याशी कसा घालणार?

गंमत म्हणजे राजद्रोहाचा खटला ह्या अग्रलेखावर झालाच नाही. तो झाला १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, त्यात एक 'शिवाजीचे उद्गार' नावाची कविता होती, महाराज जागे होतात आणि आपल्या देशाची दशा बघून बोलायला लागतात अशी. गेलेल्या माणसाच्या तोंडून आजचं बोलायचं ही युक्ती आपल्या कीर्तनकारांना, शाहिरांना काही नवी नाही. पण सरकारी वकिलांना बरोबर कळलं की महाराज नुसते दोनशे वर्षांपूर्वीचं दुःख सांगत नाहीयेत. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी तर ज्यूरीला असा अर्थ समजावला की सरकारविषयी प्रेम नसणं म्हणजेच राजद्रोहाच्या कायद्यातली 'अप्रीती'! ६ विरुद्ध ३ अशा मताने टिळक दोषी ठरले, १८ महिने सक्तमजुरी. म्हणजे बघा, इंग्रजांनी आपले अलंकार आपल्या शाळांपेक्षा जास्त मन लावून वाचले.

फुल्यांची गोष्ट तर माझ्या दुकानातच घडलेली. ११ एप्रिलच्या फुले जयंतीआधी एक ओळखीचे गृहस्थ फ्लेक्स करायला आले, त्यावर 'शेतकऱ्याचा असूड'मधल्या त्या १८८३ सालच्या ओळी हव्या होत्या. विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. वर स्वतःचा फोटो, खाली अकरा कार्यकर्त्यांचे फोटो, मग मजकूर बसणार कसा. म्हणाले, मधली एक-दोन वाक्यं उडवा. मी स्क्रीनवर 'नीतीविना गती गेली' काढून दाखवलं, आणि लगेच दोघांनाही कळलं की काहीतरी लंगडं झालंय, मतीविना नीती गेली आणि एकदम गतीविना वित्त, अरे पण गती गेली कधी? एका वाक्याचा शेवटचा धागा पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला बांधलाय, मधे कुठे उतरायला स्टॉपच नाही, 'अविद्येने' येईपर्यंत गाडी थांबत नाही. शिवाय शेवटी 'इतके' आणि 'एका' समोरासमोर, तिथे माणूस गप्पच होतो. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही दोनदा ऐकून पाठ होईल अशी रचना, आणि सांगायचंय काय तर अक्षर शिका. गृहस्थांनी शेवटी स्वतःचा फोटो लहान करून घेतला. माझ्या वीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं!

ताराबाई शिंद्यांचं १८८२ चं 'स्त्रीपुरुषतुलना' इथे पुण्यातच छापलं गेलं. बायकांच्या नावाने जे जे दोष मोजले जातात ते एकेक उचलून पुरुषांना विचारायचं, हे तुमच्यात नाही का? दीडशे वर्षं होत आली, अजून उत्तर देताना अडखळायला होतं. आणि लोकहितवादी तर आम्हा पत्रलेखकांचे मूळपुरुषच, १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकाला पत्रं लिहीत बसले, नाव शतपत्रे आणि पत्रं १०८.

तुकोबांनी एकाच अभंगात दोन्ही सांगितलंय, 'शब्दांचीच रत्ने' आणि लगेच 'शब्दांचीच शस्त्रे'. आपण रत्नं तेवढी पुस्तकात ठेवली. शस्त्रं मात्र ज्यांना वापरायची ते वापरतायतच, माझ्याकडे येणारी प्रचारपत्रकं बघा, 'विकास' आलं की पुढे 'ध्यास' ठरलेलं, आणि यमक जुळलं की पुरावा कुणी मागत नाही, मी स्वतः जुळवून दिलीयेत, त्याचे पैसेही घेतलेत. दहावीच्या पोरांना पुढच्या दोन-तीन वर्षांत मत द्यायचंय, त्यांना मुखकमल ओळखता येऊन काय उपयोग?

ता.क. मुलीने क्लासच्या सराव परीक्षेत फुल्यांच्या त्या ओळींचं उदाहरण देऊन 'कारणमाला' (एक गोष्ट पुढचीचं कारण, ती तिच्या पुढचीचं, अशी साखळी) असं लिहिलं, माझ्या वडिलांच्या जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात आम्ही शोधून काढलं होतं. शून्य मार्क. शेजारी लाल पेनने 'अभ्यासक्रमात नाही, हे गद्य आहे'. तुमच्या शिक्षणाच्या पानावर कुणी जाणकार लिहीत असतील तर तेवढं विचारून बघा.

आपला एक वाचक,
अप्पा बळवंत चौक, पुणे