लाइटचा शो बघितला, अंधार काही मिळाला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत त्या इमर्सिव्ह, म्हणजे चहूबाजूंनी चित्रांनी वेढून टाकणाऱ्या, शोबद्दल वाचलं आणि रविवारी आम्ही दोघं नातीला घेऊन गेलो, तिकीट प्रत्येकी ७९९, नात सहा वर्षांची आहे तरी तिलाही फुल तिकीट. कुठला शो ते लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये. पण मी बरीच वर्षं हौशी नाटकांचे लाइट्स केलेत, विंगेत डिमरपाशी (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) बसून दोन-चार ब्लॅकआउट चुकवलेतसुद्धा, त्यामुळे राहवत नाही.

चारी भिंतींवर प्रोजेक्टर, फरशीवर पण. आणि जिथे दोन प्रोजेक्टरच्या चित्रांची गाठ पडते तिथे वरपासून खालपर्यंत हातभर रुंद उजळ पट्टा! दोघांचा उजेड तिथे डबल होतो, म्हणून कडेकडेने तो हळूहळू उतरवत न्यावा लागतो, ब्लेंडिंग म्हणतात त्याला, ते कुणी धड केलंच नव्हतं. त्यात पडद्याखालून पॉपकॉर्नच्या काउंटरच्या ट्यूबचा पांढरा उजेड आत. नात त्या पट्ट्यातच जाऊन उभी राहिली कारण तिथे तिच्या दोन सावल्या पडत होत्या, अख्ख्या शोमध्ये तिला आवडलं ते तेवढंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कामाला आधी अंधार लागतो आणि वेळ लागतो. अमेरिकेत जेम्स टरेल म्हणून आर्टिस्ट आहे, त्याच्या काही खोल्यांमध्ये शिरल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीही दिसत नाही म्हणे, नुसतं बसून राहायचं, डोळे सरावले की मग समोर अंधुक काहीतरी तरंगायला लागतं. आपल्या डोळ्यांना अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतातच, आणि आमचा स्लॉटच होता वीस मिनिटांचा, त्यातही दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी फ्लॅश.

अँथनी मॅकॉल या माणसाने तर १९७३ साली साधा सोळा एमएमचा प्रोजेक्टर घेतला, पडद्यावर अर्ध्या तासात एक गोल पूर्ण होतो एवढीच फिल्म, पण बघायचं पडद्याकडे नाही, मधल्या हवेत, तिथे उजेडाचा पोकळ शंकू तयार होतो आणि लोक त्यात हात घालतात, आत जाऊन उभे राहतात. आणि हे जमलं कशामुळे, तर तिथल्या धुळीमुळे आणि सिगारेटच्या धुरामुळे. नंतर चकाचक म्युझियममध्ये तो शंकू दिसेचना, मग धुक्याचं मशीन आणावं लागलं. हे वाचल्यावर मला आरतीच्या वेळचा मांडवच आठवला, धुपाचा धूर वर चढला की हॅलोजनचा झोत कसा घट्ट दिसतो, हात लावावासा वाटतो. आपण हे लहानपणापासून बघतोय, फक्त त्याला आर्ट म्हटलं नाही.

ओलाफुर एलियासन या आर्टिस्टने २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न म्युझियममध्ये सूर्य केला होता. खरं तर अर्धाच गोल, वरच्या आरशात उरलेला अर्धा. मागे सोडियमसारखे एकाच रंगाचा पिवळा देणारे दोनेकशे दिवे, त्यामुळे बाकीचे रंगच गायब, माणसं नुसती काळी-पिवळी. आपल्या रस्त्यांवर एलईडी यायच्या आधी जे पिवळे दिवे होते ना, त्यांचेच हे चुलतभाऊ, रात्री पार्किंगमध्ये लाल गाडी कुठली ते ओळखू यायचं नाही. तिथे लोक फरशीवर आडवे पडून आरशातल्या स्वतःला हात करत होते, आणि मुळात तो हॉल तेवढा रिकामा आणि अंधारा ठेवला होता.

आपल्याकडे माणसं नाहीत असं नाही. गणपतीच्या आधी पेठेतल्या एखाद्या गाळ्यात डोकावा, पोरं पिक्सेलच्या, म्हणजे एकेक दिवा वेगळा पेटवता येतो अशा, माळा मांडीवर घेऊन रात्र रात्र प्रोग्रॅमिंग करत असतात. पण त्यांना काम काय मिळतं तर शेजारच्या मंडळापेक्षा जास्त झगमगाट कर, आणि ती चढाओढ पार लेझरपर्यंत गेली, लोकांच्या डोळ्यांना इजा झाली, मग २०२४ ला पोलिसांना बंदीच घालावी लागली. ती बंदी बरोबरच होती, माझं दुमत नाही. पण याच पोरांना महापालिकेने एखादा बंद पडलेला हॉल महिनाभर द्यावा, खिडक्यांना काळा कपडा लावून, बरोबर आर्ट कॉलेजची मुलं द्यावीत, आणि अट एकच, एका वेळी एकच दिवा. त्रिपुरी पौर्णिमेला पाताळेश्वरच्या लेण्यात नुसत्या पणत्या असतात तरी माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, कुणी सांगावं लागत नाही.

तुमच्याकडेही एक मागणं आहे. त्या लेखात तिकिटाचा दर होता, पार्किंग होतं, सेल्फी पॉइंट कुठला तेही होतं, लाइट कुणी केले ते नव्हतं. पुढच्या वेळी तेवढं छापा. आमच्या वेळी नाटकाच्या जाहिरातीत ते नाव सगळ्यात खाली असायचं, एकदा तर माझं आडनावच चुकवलं होतं, पण असायचं.

आपला,
एक जुना वाचक, सदाशिव पेठ, पुणे