आजोबांची हजेरी घेतलीत, ती वही आता आम्हाला दाखवा

मा. मंत्री, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या सेटलमेंटमधला, म्हणजे इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जातींना जिथं डांबून ठेवलं, त्या वसाहतीतला. माझे आजोबा तारेच्या कुंपणाआड वाढले. गिरणीची पाळी सुटली की थेट हजेरीला. पासाशिवाय सोयऱ्याच्या मयतीलाही जाता येत नसे. त्यांनी चोरी केली नव्हती. कैकाड्याच्या पोटी जन्मले, एवढाच गुन्हा.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा पोरगा सुतार, तसा या जातींचा पोरगा चोर, गुन्हा यांच्या रक्तातच, अशी त्यांची धारणा. हा उघड वंशद्वेष होता. पण जन्मावरून माणसाची लायकी ठरवायला गोऱ्या साहेबाने आपल्याला शिकवलं नाही, ते इथं आधीपासून चालूच होतं. म्हणून तर ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, आम्ही ‘विमुक्त’ झालो, तरी नजर गेली नाही. सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपल्याकडचा १९५९ चा. कुठं घरफोडी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी आमच्या गल्लीत वळते. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हे सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात पोलिसांना बजावावं लागलं, साहेब.

आता दाखल्याचं सांगतो, पत्र त्यासाठीच आहे. पुतणीला बारावीनंतर प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. विमुक्त जातीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. भाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, वडिलांचा मृत्यूचा दाखला, गिरणीची एक फाटकी पावती घेऊन चार वेळा कचेरीत गेला. दर वेळी एकच उत्तर, "आजोबांचा शाळेचा दाखला आणा." ज्याला तुम्ही कुंपणात ठेवलंत, त्याच्या शाळेचा दाखला आम्ही कुठून आणायचा? सातबारा तर आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नाही.

पण सरकारने आजोबांचं नाव रोज लिहिलं होतं. जातीसकट. सोलापूर सेटलमेंटची ती हजेरीची रजिस्टरं दप्तरांतून शोधून काढायला लावा. त्यातलं नाव हाच १९६१ पूर्वीचा पुरावा, असा शासन निर्णय काढा. आणि जिथं कागद हाती लागणार नाही, तिथं अधिकाऱ्याने वस्तीत येऊन म्हाताऱ्या माणसांना विचारावं. ती अजून आहेत. कुणाच्या आजाचा हजेरीचा नंबर काय होता, हेसुद्धा त्यांतल्या काहींना पाठ आहे.

पुतणीचं यंदाचं वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये तिला पुन्हा अर्ज भरायचा आहे.

आपला,
सेटलमेंटचा एक रहिवासी, सोलापूर