परवाना दिलात, बंदूक नेलीत, आता उत्तर द्या

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातला भातशेतकरी. गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाच्या नावाने एक कागद आला. रानडुकराने त्याची मांडी फाडली त्याला वर्ष उलटून गेलं आणि आता मदतीचा अर्ज परत आलाय. कारण लिहिलंय, पंचनामा मुदतीत झाला नाही. साहेब, त्या रात्री मी भावाच्या मांडीला पंचा आवळून त्याला टेम्पोत घालत होतो. तालुक्याच्या दवाखान्याने हात वर केले, म्हणून तसाच गोव्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेला. पंचनाम्याला माणूस पाठवायचं काम माझं होतं की तुमच्या खात्याचं?

पहिल्यापासून सांगतो. आमच्या 18 गुंठ्यांत बरं साल असलं तर सहा क्विंटल भात होतं. 2023 ला दीड क्विंटल घरात आलं. लोंबी भरली की डुकरं रात्री कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरतात, खातात थोडं आणि लोळून आडवं करतात त्याच्या कितीतरी पट. सुरण, रताळी लावणं तर आम्ही केव्हाच सोडलं. 2024 ला ठरवलं, जे करायचं ते कायद्याने करायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम 11 वाचून काढलं. माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, आणि मालमत्तेत उभं पीक धरून, धोका झालेलं जनावर मारायची लेखी परवानगी त्यात आहे. अर्ज केला, चार खेपा घातल्या, मजुरी बुडवली, परवाना मिळाला. वडिलांच्या वेळेपासूनची पीकसंरक्षणाची बाराबोअर घरात होती, तिचा परवानाही चालू होता.

आणि 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. आठवड्याच्या आत निरोप आला, बंदूक ठाण्यात जमा करा.

म्हणजे एका खात्याने मारायला परवानगी दिली आणि दुसऱ्याने हत्यार काढून घेतलं, तेही भात पिवळं झालेलं असताना. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करायचा असतो, सरसकट बंदुका गोळा करायच्या नसतात. माझी छाननी कोणी केली? माझ्यावर आयुष्यात एक गुन्हा नाही. त्या वर्षी आधी लोकसभेला बंदूक दिली, मग विधानसभेला दिली. मताला आमच्या दारात येता आणि राखणीची बंदूक घेऊन जाता.

दिवाळीच्या चार दिवस आधी भाऊ बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन राखणीला गेला. डुकराचा नर शेताच्या दगडी गडग्यावरून थेट अंगावर आला. सुळा मांडीत वीतभर गेला. आज भाऊ काठीशिवाय शेतातल्या मांगरापर्यंत जाऊ शकत नाही. त्याला दोन मुली आहेत. थोरली विचारते, बाबा पुन्हा कधी नांगर धरणार. तिला काय सांगू?

बंदूक नव्हती तर दुसरं काही करायचं होतं, असं मला एका साहेबांनी सुनावलं. काय करायचं होतं? कायद्याच्या कलम 2 मधली 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या बघा. तिच्यात धनुष्यबाण आहे, जाळं आहे, विष आहे, फास आणि सापळे आहेत. शिकारीचा प्रयत्नसुद्धा शिकारच धरतात. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे बीव्हर नावाचं पाणजनावर ओढे अडवून शेतात पाणी घुसवतं. त्याने सांगितलं की प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कुठे फक्त सापळा, कुठे बंदूक, कुठे धनुष्यही चालतं. पण हंगाम कोणता, हत्यार कोणतं, हे छापून हातात मिळतं, आणि बहुतेक ठिकाणी परवान्याआधी शिकारीतल्या सुरक्षेचं शिक्षण घ्यावं लागतं. माझ्या परवान्यावर जावक क्रमांक होता, गोल शिक्का होता. घरांपासून किती लांब, अंधारात मारायचं की नाही, नेमाच्या मागे काजूच्या बागेत कोणी माणूस असलं तर काय, याची एक ओळ नव्हती. भाच्याला मी तीरकमठ्याचं विचारलं तेव्हा तोच म्हणाला, मामा, मुळीच नको. जुन्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड ढाल असते, बाण जेमतेम वीस पावलांवरून नीट लागतो, आणि जखमी डुक्कर करवंदीच्या जाळीत शिरलं की त्याच्यामागे जाणारा माणूस परत येईलच असं नाही. ही गोष्ट मला सातासमुद्रापलीकडून कळावी?

लोक मग काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. तारेची फासकी लावतात. फासकीला डुक्कर लागतं तसा बिबट्याही लागतो, आणि बिबट्या कायद्याच्या अनुसूची एकमधला, सर्वांत कडक संरक्षणाचा, म्हणजे निदान तीन वर्षं तुरुंग. कोणी कुंपणात घरची वीज सोडतो आणि सकाळी शेजारीच चिकटलेला सापडतो. फासकीचं आणि विजेचं मी समर्थन करत नाही, आमच्या वाडीत ती मी लावू दिलेली नाहीत. पण कायद्याने चालणाऱ्याच्या भावाची मांडी फाटली, हे वाडीने पाहिलंय. आता मी कोणत्या तोंडाने अडवू?

माणूस मेला तर 25 लाख देता. जिवंत राहिला, लंगडा झाला, तर मुदत संपली म्हणता. केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं की खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीकविम्यात येणार, 72 तासांत अ‍ॅपवर फोटो टाकायचे.  आजवरची वर्षं आम्ही काय खाल्लं? आमच्या मळ्यात मोबाइलला रेंज नाही. वाडीतल्या 22 घरांपैकी 14 घरांना कुलूप आहे, माणसं मुंबईला. पडीक शेतांत रान माजलं आणि त्या रानात डुकरं राहायला आली. माझा हिशेब कच्चा असेल, पण एका तालुक्याचं भात मोजलंत तरी दरवर्षीचं नुकसान कोटीत जाईल. प्रचाराला आलेल्यांनी देवळाच्या सभामंडपात नारळ हातात घेऊन शब्द दिला होता, डुकरांचा बंदोबस्त करू. त्यानंतर त्यांच्यातलं एक माणूस या रस्त्याला फिरकलं नाही.

केरळने 2022 मध्ये पंचायत अध्यक्षांना मानद वन्यजीव रक्षक करून रानडुकराबद्दल निर्णय घ्यायचा अधिकार दिला, आणि विष, स्फोटकं, वीज यांना साफ मनाई केली. आपल्याकडे का होत नाही? मला डुकराचं मांस नको. परवान्यावर मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं, हे मला माहीत आहे, घेऊन जा. मला तालुक्यात शिकलेले, नेम पक्का असलेले चार माणसं हवीत. परवान्यावर सुरक्षेच्या अटी मराठीत लिहून हव्यात. पीकसंरक्षणाच्या बंदुका ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाननीशिवाय उचलायच्या नाहीत, असा आदेश गृहखात्याकडून काढून घ्या. आणि माझ्या भावाचा अर्ज पुन्हा उघडा. बांबोळीचे कागद, टाक्यांचे फोटो, फाटलेली पँट, सगळं मी जपून ठेवलंय.

पुढच्या ऑक्टोबरात राखणीला मी एकटाच जाणार आहे. त्याआधी उत्तर पाठवा.

आपला,
सिंधुदुर्गातला एक भातशेतकरी