भाडं वाढलं म्हणे, मला कुणी सांगितलंच नाही

एप्रिल 2022

मा. संपादक,
स.न.

कालच्या अंकात तुम्ही 'मालवाहतूकदारांच्या भाडेवाढीने भाज्या कडाडल्या' असं पहिल्या पानावर छापलंय. कुठल्या वाहतूकदाराला विचारलं हो? मी स्वतः पिकअपवाला आहे, पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला आठवड्यात तीन फेऱ्या असतात आणि माझं भाडं दिवाळीत होतं तेच आहे, एका फेरीला 4800 रुपये.

डिझेलचं तुम्हाला काय सांगायचं, रोज तुम्हीच छापता. 137 दिवस भाव जागचा हलला नाही, 10 मार्चला पाच राज्यांचे निकाल लागले आणि 22 तारखेपासून सकाळी उठलं की 80 पैशांपर्यंत वाढ, 16 दिवसांत 14 वेळा, एकूण 10 रुपये. दिवाळीत एक्साइज, म्हणजे केंद्राचा कर, कमी करून डिझेलला 10 रुपयेच सोडले होते, म्हणजे दिवाळीतली ओवाळणी पाडव्याला परत मागून घेतली. युक्रेनचं युद्ध आहे, मान्य. पण 2020 च्या मे महिन्यात कच्चं तेल मातीमोल झालं होतं तेव्हा आम्हाला स्वस्त मिळालं का, उलट एका रात्रीत 13 रुपये एक्साइज चढवली, ते कुणाच्या युद्धामुळे? जाऊन येऊन 400 किलोमीटर, भरलेली गाडी आणि घाट धरून 11-12 चं अ‍ॅव्हरेज, 35 लिटर लागतंच. फेरीला साडेतीनशे रुपये जास्त गेले, वर 1 तारखेपासून टोलपण वाढला. गाडीचा हप्ता काय थांबतो का.

आता खरी गोष्ट. काल संध्याकाळी भावकीतले एक काका घरी आले, चेहरा पडलेला, हातात मोबाईल. त्यांची ढोबळी मिरची मीच घेऊन गेलो होतो. मार्केटात माल विकून देणाऱ्या आडत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, पाठवलेली, त्यात कापलेली हमाली, तोलाई आणि भाडं क्रेटमागे 55 रुपये. मला म्हणाले, "अरे भाडं वाढवलंस तर एक फोन तरी करायचास, आपल्यात असं चालतं का?" मला आडत्याकडून क्रेटमागे 48 च मिळाले होते, 100 क्रेटचे 4800. वरचे 7 रुपये कुठे गेले ते काकांना पण कळेना आणि मला पण. तिथल्या तिथे आडत्याला फोन लावला, तर तो काय म्हणतो, "डिझेल किती वाढलंय, पेपर वाचत नाहीस का?" अहो वाचतो ना! त्या डिझेलसाठीच मी त्याच्याकडे मागच्या फेरीला 300 रुपये जादा मागितले होते, तेव्हा म्हणाला बाहेर बघ किती गाड्या उभ्या आहेत, परवडत नसेल तर राहू दे. म्हणजे डिझेलचा भाव मला द्यायचा असला की वाढत नाही आणि काकांच्या पट्टीत लिहायचा असला की वाढतो. वर तुमचा पेपर त्याला साक्षीला.

काकांनी चहा घेतला, पण विश्वास बसला असं वाटलं नाही. पुढचा माल ते माझ्या गाडीत देतील का, माहीत नाही.

राज्य सरकारने 1 एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आणला त्याचं तुम्ही चौकटीत कौतुक केलंत, छान आहे, पण माझी गाडी डिझेलची आहे, तिला काय ते वाचून दाखवू? पुढच्या वेळी बातमी करताना एखादी पट्टी आणि एखाद्या ड्रायव्हरची भाड्याची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून बघा एवढीच नम्र विनंती.

आपला,
एक पिकअपवाला, पिंपळगाव बसवंत

ता.क. पंपावर हवा फुकट असते असा बोर्ड आहे, पण कधीही जा, मशीन बंदच. शेजारच्या टपरीवर मात्र चाकामागे पैसे मोजले की भरपूर हवा मिळते. त्या बोर्डाचा एक फोटो छापा, पहिल्या पानावर नको, आतल्या पानावर चालेल.