नवरदेवाचा घोडा

महोदय,

घोड्यांच्या गोष्टी निघाल्या की आपण हळदीघाटीच्या चेतकापाशी थांबतो. आमच्या तेल्हारा तालुक्यातल्या आडगावला १८०३ मध्ये लढाई झाली, पुढच्याच महिन्यात गाविलगड पडला. त्या वेळचा इंग्रज सेनापती वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूला (१८१५) तो दिवसभर ज्याच्या पाठीवर होता, त्या घोड्याचं नाव कोपनहेगन. रात्री उतरून मालकानं पाठ थोपटली तर गड्यानं लाथ झाडली, असं सांगतात. बरोबरच केलं म्हणा! तरी १८३६ मध्ये तो मेला तेव्हा त्याला लष्करी मानवंदनेसह पुरलं. शत्रूचा का असेना, ही गोष्ट मला आवडते.

आमच्या आबाजींचा टांगा होता. घोडी आधी कुटार खाणार, मग आबाजी जेवणार. ते खोकले की ती अंधारातही कान टवकारायची.

आता गावात घोडा दिसतो तो फक्त लग्नात. परवा भर दुपारी दोन वाजता वरात पारावर अडली. डीजेच्या भिंतीला खेटून घोडा तासभर उभा, डांबर पायाखाली मऊ झालेलं, तोंडाला फेस. लगाम धरलेलं पोरगंही तहानलेलं. एका म्हातारीनं घरातून बादली आणली, तेव्हा दोघंही प्याले.

वरात संध्याकाळी काढावी आणि घोडा डीजेपासून लांब ठेवावा, एवढा ठराव ग्रामसभांनी घ्यावा. मंडपात पाहुण्यांसाठी पाण्याचे कॅन असतातच, त्यातलीच एक बादली घोड्याला द्यावी.

– एक वाचक, ता. तेल्हारा, जि. अकोला